विल्यम मुलहॉलंड

विल्यम मुलहॉलंड (११ सप्टेंबर, इ.स. १८५५: बेलफास्ट, आयर्लंड - २२ जुलै, इ.स. १९३५: लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे लॉस एंजेलस शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख अभियंते होते. ओवेन्स खोऱ्यातील पाणी सुमारे ३७५ किलोमीटर अंतरावरून शहरात आणणारी लॉस एंजेलस जलवाहिनी त्यांनी बांधली. इ.स. १९२८ मध्ये त्यांनीच उभारलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि त्यांची कारकीर्द संपुष्टात आली.

पूर्वायुष्य

मुलहॉलंड यांचे बालपण डब्लिन येथे गेले. पंधराव्या वर्षी ते व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून रुजू झाले. इ.स. १८७४ मध्ये ते न्यू यॉर्कला उतरले आणि काही काळ मिशिगनमधील लाकूडतोडीच्या छावण्यांत काम करून इ.स. १८७७ मध्ये लॉस एंजेलसला पोहोचले. पुढील वर्षी खासगी मालकीच्या लॉस एंजेलस सिटी वॉटर कंपनीत त्यांना पाटकऱ्याची नोकरी मिळाली. नदीचे पाणी गावात आणणाऱ्या, स्पॅनिश अमदानीपासूनच्या पाटातील गाळ व झाडोरा काढणे हे त्यांचे काम होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. दिवसभराचे श्रम आटोपल्यावर रात्री पुस्तके वाचून त्यांनी गणित, जलशास्त्र व भूगर्भशास्त्र आत्मसात केले. इ.स. १८८६ मध्ये ते कंपनीचे अधीक्षक झाले.

शहराचे जलप्रमुख

इ.स. १९०२ मध्ये शहराने कंपनी विकत घेतली, तेव्हा जलवाहिन्यांचे व्यवस्थित नकाशे उपलब्ध नसल्याचे आढळले. नळांचे आकार, जोडण्या व झडपांच्या जागा मुलहॉलंड यांना मुखोद्गत होत्या. साहजिकच शहराने कंपनीबरोबर अधीक्षकही आपल्याकडे घेतला. घरोघरी मीटर बसवून त्यांनी पाण्याची नासाडी रोखली आणि दरडोई वापर बराच खाली आणला. त्यांच्या शब्दावर नागरिकांनी ठेवलेल्या भरवशाचा पाया या काळात घातला गेला. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्याची खात्याची सवयही याच काळातली.

ओवेन्स खोरे आणि जलवाहिनी

शहराची लोकसंख्या इ.स. १९०० मधील सुमारे १ लाखावरून दहा वर्षांत ३ लाखांवर गेली. माजी महापौर फ्रेडरिक ईटन यांनी मुलहॉलंड यांना इ.स. १९०४ मध्ये सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावरील ओवेन्स नदी दाखवली. त्यानंतर ईटन यांनी खोऱ्यातील जमिनी व पाणीहक्क खरेदी केले. खरा ग्राहक लॉस एंजेलस शहर आहे, याची विकणाऱ्या अनेक शेतकऱ्यांना कल्पना नव्हती. जुलै १९०५ मध्ये वृत्तपत्रांतून बातमी फुटली, तोपर्यंत बहुतेक व्यवहार पार पडले होते. शहरातील मतदारांनी मात्र इ.स. १९०७ मध्ये २.३ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना प्रचंड बहुमताने मान्यता दिली.

इ.स. १९०८ ते १९१३ या काळात जलवाहिनी बांधण्यात आली. वाळवंट व डोंगररांगा ओलांडूनही एकही पंप न वापरता पाणी केवळ उताराने शहरापर्यंत येते. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी हजारो नागरिकांच्या उपस्थितीत पाणी सोडण्यात आले. त्या प्रसंगीचे मुलहॉलंड यांचे भाषण अवघ्या काही शब्दांचे होते. पुढे त्यांना महापौरपद लढवण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी फेटाळला.

ज्या विश्वासाने शहर त्यांच्यामागे उभे राहिले, त्याचा ओवेन्स खोऱ्यात लवलेशही उरला नाही. इ.स. १९२० च्या दशकात शहराने अधिक जमिनी घेतल्या, शेते उजाड झाली आणि ओवेन्स सरोवर आटले. मे १९२४ मध्ये जलवाहिनीवर सुरुंगस्फोट झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रहिवाशांनी अलाबामा दरवाजे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी वळवून लावले. याच सुमारास ईटन यांच्या लाँग व्हॅली येथील जमिनीच्या किमतीवरून दोघा जुन्या मित्रांत वितुष्ट आले. तेथे साठवण धरण होऊ शकले नाही. साठवणुकीसाठी शहराजवळच जागा शोधणे भाग पडले.

सेंट फ्रान्सिस धरण दुर्घटना

सॅन फ्रान्सिस्क्विटो दरीतील हे काँक्रीटचे धरण इ.स. १९२४ ते १९२६ दरम्यान बांधले गेले. काम सुरू झाल्यावर त्याची उंची दोन वेळा, प्रत्येकी १० फुटांनी वाढवण्यात आली. पायाची रुंदी त्या प्रमाणात वाढवली गेली नाही. आराखडा कोणत्याही स्वतंत्र तज्ज्ञाने तपासला नव्हता आणि महापालिकांची धरणे राज्याच्या देखरेखीतून वगळलेली असल्याने तशी सक्तीही नव्हती. मुलहॉलंड यांचे नाव पुरेसे मानले गेले.

मार्च १९२८ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. त्यात सुमारे १.६ टीएमसी पाणी होते. १२ मार्चच्या सकाळी रखवालदाराला गढूळ पाण्याची नवी गळती दिसली. गढूळ पाणी म्हणजे पाया धुपत असल्याची शक्यता, म्हणून त्याने तातडीने वर्दी दिली. मुलहॉलंड आपले साहाय्यक हार्वी व्हॅन नॉर्मन यांच्यासह आले. गळणारे पाणी स्वच्छ असून नव्या रस्त्याची सुटी माती मिसळल्याने ते गढूळ होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि धरण सुरक्षित ठरवून ते परतले. त्याच रात्री ११:५७ वाजता धरण कोसळले. लोंढा पहाटे सुमारे ८७ किलोमीटरवरील प्रशांत महासागराला मिळाला. ४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत रखवालदार व त्याचा लहान मुलगाही होता.

मृत्युचौकशीत मुलहॉलंड यांनी हाताखालच्या कोणावरही ठपका येऊ न देता संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. ज्यूरीने पायाचा खडक सदोष असल्याचा निष्कर्ष काढला, गुन्हेगारी कृत्य वा हेतू नसल्याचे नमूद केले आणि मोठ्या धरणाचे काम एकट्या माणसाच्या निर्णयावर कधीही सोपवू नये, अशी शिफारस केली. इ.स. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियाने महापालिकांच्या धरणांनाही राज्याच्या तपासणीखाली आणणारा कायदा केला. धरणाचा पूर्वेकडील खांदा एका प्राचीन भूस्खलनावर टेकलेला होता, हे अनेक दशकांनंतरच्या संशोधनातून पुढे आले. त्या काळच्या ज्ञानाने ते ओळखता आले असते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

अखेरची वर्षे व वारसा

इ.स. १९२८ च्या अखेरीस मुलहॉलंड पदावरून दूर झाले आणि व्हॅन नॉर्मन त्यांच्या जागी आले. उर्वरित आयुष्य त्यांनी बहुतांशी एकांतात काढले. हॉलिवूडच्या वरच्या बाजूस, जवळपास त्याच आराखड्याने बांधलेल्या त्यांच्या नावाच्या धरणातील पाणीपातळी दुर्घटनेनंतर कमी करण्यात आली आणि इ.स. १९३० च्या दशकात त्याच्या भिंतीला मातीचा मोठा भराव देण्यात आला. झाडांनी झाकलेला तो भराव आजही कायम आहे.