हिरव्या कुरणातली उपासमार शोधणारे एरिक अंडरवुड

कोकरू वाळत चालले, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली, चाऱ्यावरची वासना उडाली की मेंढपाळाचा पहिला संशय जंतांवर जातो. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण पोटात फारसे जंत नसताना, समोर भरपूर हिरवा चारा असतानाही कोकरू असेच झिजून मरू शकते. यामागचे कारण शोधणाऱ्यांत एरिक जॉन अंडरवुड यांचे नाव अग्रभागी आहे.

अंडरवुड यांचा जन्म १९०५ साली लंडनमध्ये झाला. १९१३ मध्ये त्यांचे कुटुंब पश्चिम ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. तिथल्याच विद्यापीठातून त्यांनी कृषी शाखेची पदवी घेतली, केंब्रिजला जाऊन १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन तिथल्या कृषी खात्यात काम सुरू केले.

त्या काळी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील डेन्मार्क या गावाच्या परिसरात शेतकरी हवालदिल झाले होते. गवत उत्तम होते, पाऊस चांगला होता, तरी मेंढ्या आणि गुरे हाडांचे सापळे होऊन मरत होती. हीच जनावरे काही महिने दुसऱ्या भागात नेली की सुधारत. परत आणली की पुन्हा खंगत. म्हणजे दोष जनावरात नव्हता, मातीत होता.

पशुवैद्य जॉन फिल्मर यांना दिसले की लिमोनाइट नावाचे लोहखनिज खाऊ घातले तर जनावरे बरी होतात. त्यावरून हा लोहाच्या कमतरतेचा आजार असावा असे वाटले. पण हिशेब जुळेना. लोहाचे डोस प्रचंड द्यावे लागत होते, आणि आजारी जनावरांच्या यकृतात लोह कमी नव्हते, उलट जास्त साठलेले होते. तेव्हा फिल्मर आणि अंडरवुड यांनी त्या खनिजातले लोह पूर्ण काढून टाकले आणि उरलेला अर्क दिला. मेंढ्या तरीही बऱ्या झाल्या! मग त्या अर्कातले एकेक मूलद्रव्य वेगळे करून तपासले गेले. १९३५ मध्ये उत्तर मिळाले: कोबाल्ट. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात हेडली मार्स्टन आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे याच उत्तरापर्यंत पोहोचले होते.

मेंढीला कोबाल्ट लागते किती? दिवसाला सुमारे ०.१ मिलिग्रॅम. डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या या धातूवाचून कळपच्या कळप मरत होते. मात्र तो शरीरात काय करतो, हे कळायला आणखी १३ वर्षे लागली. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि त्याच्या रेणूत कोबाल्ट सापडले. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव चाऱ्यातल्या कोबाल्टपासून बी-१२ तयार करतात. कोबाल्ट नाही तर बी-१२ नाही. मग भूक मरते, रक्त कमी होते आणि जनावर भरल्या कुरणात उपाशी राहते.

जंतांचा संबंध येतो तो इथे. रक्त शोषणारा एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. असे दोन हजार जंत असतील तर रोज १०० मिलिलिटर रक्त गेले. ही झीज भरून काढायला आणि जंतांशी लढायला शरीराला प्रथिने, खनिजे, जीवनसत्त्वे सगळेच लागते. कोबाल्टची कमतरता असलेल्या जनावरांत पांढऱ्या रक्तपेशींची जंतू मारण्याची ताकद घटते, असे पुढच्या संशोधनात दिसले. काही प्रयोगांत अशा कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडीही जास्त आढळली. कुपोषण आणि जंत एकमेकांना असे हात देतात. माणसांच्या मुलांतही हेच घडते.

अंडरवुड पुढे आपल्याच विद्यापीठात कृषी शाखेचे प्रमुख झाले. १९५६ मध्ये त्यांनी माणूस आणि प्राण्यांच्या आहारातील सूक्ष्म खनिजांवर लिहिलेला ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.  १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामातून सुलतानपूर, लोणार, मेहकर भागातल्या मेंढपाळांनी काय घ्यावे? एक, खनिज मिश्रण हे जंतनाशकाला पर्याय नाही, पण चांगले पोसलेले कोकरू जंतांना अधिक तोंड देते. दोन, कोकरू खंगले की दरवेळी अंदाजाने औषध पाजू नये. आधी लेंडी तपासून घ्यावी, कारण विनाकारण दिलेल्या औषधांनी जंत निर्ढावतात. तीन, गायीम्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि जीवघेणे ठरू शकते. मिश्रण मेंढ्यांसाठीचेच आणि पशुवैद्यकाने सांगितले तेवढेच द्यावे.

आणि आपल्यासाठी? माणसाच्या पोटात मेंढीसारखा कप्पा नाही. कोबाल्टपासून बी-१२ बनवणे आपल्याला जमत नाही, ते तयारच मिळावे लागते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. शाकाहारी माणसाला सतत थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग असा त्रास होत असेल, तर लोहाच्या गोळ्या स्वतःच सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यावे. डेन्मार्कच्या मेंढ्यांतही दोष लोहाचा वाटला होता, निघाला वेगळाच.