ताराबाई मोडक आणि आमचं पाळणाघर

आयुष्याला वळण लावणाऱ्या एका व्यक्तीबद्दल लिही, असं स्मरणिका समितीने सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा एखादा संगणकशास्त्रज्ञ अपेक्षित असावा. मी लिहिते आहे ताराबाई मोडकांबद्दल. त्या १९७३ साली गेल्या, तेव्हा आपल्या बॅचमधल्या कुणाचा जन्मही झाला नव्हता. तरी त्या एका अर्थी आपल्याच. तिसरीच्या भूगोलात आपण ठाणे जिल्हा शिकलो आणि घोलवडचे चिकू पाठ केले. पालघर जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. त्या घोलवडजवळच्याच बोर्डी आणि कोसबाड या गावांत ताराबाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीसहून अधिक वर्षं काढली. आपल्याला चिकू आठवतात, बाई आठवत नाहीत.

मला त्यांची गाठ कशी पडली, ते आधी सांगते. लग्नानंतर आम्ही भाईंदर पूर्वेला गोडदेवला राहायला आलो. मुलगा अडीच वर्षांचा झाला तेव्हा मी पुन्हा नोकरीला लागले. सकाळची लोकल पकडायची तर सव्वासातला त्याला पाळणाघरात सोडावं लागे. पहिल्याच दिवशी मी तिथल्या काकूंना अगदी ऐटीत सांगितलं की ऐकलं नाही तर दोन फटके द्या, माझी हरकत नाही. आपण सगळे पट्टीचा मार खाऊन शिकलो, काही बिघडलं नाही, अशीच माझी समजूत होती. (सर आणि बाई, रागावू नका. तुमच्यापैकी ज्यांनी कधीच हात उगारला नाही, त्यांचे तास मला जास्त आठवतात.)

चार-पाच महिन्यांनी मुलगा घरी बाथरूमचं दार लावू देईना. मी आत गेले तरी बाहेर उभा राहून रडायचा. शेजारच्या मुलीकडून कळलं की दुपारी जो झोपत नाही त्याला तिथे बाथरूममध्ये ठेवतात, दिवा बंद करून. काकूंनी ते नाकारलं नाही. पाचच मिनिटं ठेवते, मग मूल शहाणं होतं, म्हणाल्या. दोन खोल्या, चौदा मुलं, मदतीला एक मुलगी. त्या दुष्ट नव्हत्या. मी भांडायला गेले होते, पण मला तोंड नव्हतं. शिक्षेची परवानगी मीच दिली होती. तिचं माप काय ते फक्त त्यांनी ठरवलं होतं.

मुलाला तिथून काढलं. सासूबाई दोन महिने राहायला आल्या. त्यांनी तरुणपणी बालवाडी चालवली होती. ताराबाईंचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं आणि मग मिळेल ते वाचत गेले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठातून बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही आणि लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. ही साधारण १९२१ची गोष्ट. आजही ज्या गोष्टीसाठी बाईला सोसायटीच्या जिन्यात प्रश्न विचारले जातात, ती त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केली. मग राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत, त्या प्राचार्य झाल्या. पगार होता, मान होता. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसोरीबाईंच्या पद्धतीकडे वळले आणि १९२०मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत त्यांना मिशावाली आई म्हणत. या बालमंदिरात दोन गोष्टी नव्हत्या: शिक्षा आणि बक्षीस. शिक्षा नको हे आपल्याला पटकन समजतं. बक्षीसही नको, यावर मी बराच वेळ अडले, कारण फटके बंद केल्यावर मी चॉकलेटवर आले होते. त्यांचं म्हणणं असं की फटक्याने मूल भीतीसाठी वागतं आणि चॉकलेटने लोभासाठी. दोन्हीकडे त्याचं लक्ष मोठ्या माणसाच्या हाताकडे, हातातल्या कामाकडे नाही.

मग तिथे शिस्त कुठून येत असे? खोलीतून. कपाटं मुलांच्या उंचीची, वस्तू हाताला येणाऱ्या, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. मूल आपणहून काम उचलतं, पुरेसं करतं आणि जागेवर ठेवतं. जो दुसऱ्याला मारतो किंवा चावतो त्याला मोकळं सोडायचं असं मुळीच नाही. स्वातंत्र्याची हद्द दुसऱ्या मुलाच्या अंगापाशी संपते. अशा मुलाला थोडं बाजूला, पण सगळे दिसतील असं बसवायचं, त्याच्या आवडीची वस्तू त्याच्यापाशी ठेवायची आणि त्याचं काही दुखतंखुपतं आहे असं धरून वागायचं, असं माँटेसोरीबाईंनी सांगितलं आहे. आमच्या कामात एखादी प्रणाली पडली की कुणी चूक केली यापेक्षा ती चूक होऊ शकेल अशी रचना का होती, हे आधी विचारतात. पंधरा वर्षं हे ऑफिसात करत असूनही घरी मला सुचलं नव्हतं.

याच पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. खिडक्या लोटून खोली अंधारी करतात, मुलं श्वासही जपून घेत बसतात आणि बाई दुरून एकेकाचं नाव कुजबुजतात. ते ऐकून मूल चवड्यांवर चालत बाईंपाशी येतं. मुलं हा खेळ आवडीने खेळतात. हे वाचलं तेव्हा मला ते बाथरूम आठवलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. अंधार तोच. इथे अंधारात कुणीतरी नाव घेऊन बोलावणारं होतं.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई शिक्षणपत्रिकेचं संपादन करत. १९३६मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. इथवर सगळं शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी होतं. पन्नाशी ओलांडल्यावर, डिसेंबर १९४५मध्ये, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. परदेशी धर्तीची महाग साधनं खेड्यात कोण घेणार? मग शंखशिंपले, गोटे, चिंचोके, पानं, माती हीच साधनं झाली. ज्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, त्या वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरवली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, ती हाच शब्द घेऊन. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.

१९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये हललं. तिथली मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटं भावंड असे. मुलगा येत नसे, कारण गुरं असत. गैरहजेरीबद्दल त्यांना दोष देणं सोपं होतं. ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचं नाव विकासवाडी. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथेच. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतला मार आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. पाळणाघरातल्या अडीच वर्षांच्या मुलासाठी आज २०१५च्या बालन्याय कायद्यातलं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे, त्याने केलेली क्रूरता त्यात गुन्हा ठरते. पण कलम कामी येतं ते मूल घाबरून गेल्यावर.

दुसरं पाळणाघर शोधताना मी दूध कुठलं देता, कॅमेरा आहे का, हे विचारलंच. त्याआधी विचारलं की दुपारी जो झोपत नाही त्याचं काय करता. तिघींनी सांगितलं की आमच्याकडे सगळे झोपतात. गोडदेव नाक्याच्या बाजूला राहणाऱ्या एक आजी म्हणाल्या, त्याला मी माझ्यापाशी घेते, कडधान्य निवडायला. खोलीत हुक मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर होते आणि प्रत्येकावर एक पिशवी. ताराबाईंचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

मुलगा तिथे तीन वर्षं होता. राजमा, वाल आणि चवळी वेगळी करण्यात त्याच्या कित्येक दुपारी गेल्या. आता तो नववीत आहे, माझ्याहून उंच. बाथरूमचं दार मात्र अजून पूर्ण लावत नाही.