अपुऱ्या पदवीनिशी हार्वर्डला गेलेले संशोधक : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

परदेशी जाणाऱ्या भारतीय पदवीधरांपुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहतो. मायदेशी कष्टाने मिळवलेली पदवी तेथे ग्राह्य धरली जाईल काय, आणि न धरल्यास पुन्हा किती शिकावे लागेल? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पोहोचलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची अडचण तर दुहेरी होती. त्यांची पदवी मायदेशातही दुय्यम मानली जात होती.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मित्रांच्या आणि सासऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. महात्मा गांधींनी परदेशी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केल्यानंतर सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा वापरू लागले. त्यामुळे शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही. एल.एम.एस. या कनिष्ठ पात्रतेवर त्यांना समाधान मानावे लागले.

या कमतरतेचा परिणाम लगेच दिसून आला. मद्रास वैद्यकीय सेवेत त्यांना प्रवेश मिळाला नाही. तेथील आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम पत्करले. याच काळात त्यांचे दोन भाऊ स्प्रू या पचनसंस्थेच्या विकाराने दगावले आणि स्वतः सुब्बाराव त्यातून बचावले. रोगांवर औषधे शोधण्याचा त्यांचा निर्धार या आघाताने पक्का झाला. सासरे आणि काकीनाडा येथील एक धर्मादाय संस्था यांच्या मदतीने ते बोस्टनला रवाना झाले. काही वर्षांत परतण्याचे आश्वासन त्यांनी पत्नी शेषगिरी यांना दिले होते.

हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि विद्यालयाचे प्रमुख डॉ. रिचर्ड स्ट्रॉंग यांनी त्यांना आधार दिला. मात्र अमेरिकेत वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना हाती नसल्याने रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करणे शक्य नव्हते. उदरनिर्वाहासाठी त्यांनी पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल म्हणून नोकरी धरली. दिवसा वर्गात बसणारा हा डॉक्टर रात्री रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करीत असे.

उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका मिळवल्यानंतर सुब्बाराव जीवरसायनशास्त्राकडे वळले. त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा हा निर्णय होता. रुग्ण तपासण्यासाठी परवाना आवश्यक होता, प्रयोगशाळेत त्याची गरज नव्हती. सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी रक्त व लघवीतील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची पद्धत विकसित केली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत दोघांच्याही नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी यांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. एटीपीचा शोध जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे लावला होता. १९३० साली सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली.

अपुऱ्या पदवीची भरपाई अशा रीतीने झाली, तरीही हार्वर्डने त्यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद दिले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ च्या सुमारास फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. ज्या स्प्रूने त्यांचे भाऊ हिरावून घेतले, त्या विकारावरही हे जीवनसत्त्व उपयुक्त ठरले. हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन अर्थात डीईसी हे औषध आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच कारकिर्दीत पुढे आले. फॉलिक आम्लाला विरोध करणारे अमिनोप्टेरिन त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. बोस्टनच्या बाल रुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. सुब्बाराव यांनी ज्या रुग्णालयात हमाली केली, ते याच परिसरात होते.

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले होते. १९४६ च्या कायद्याने ही बंदी उठली. सुब्बाराव यांनी मात्र अमेरिकेचे नागरिकत्व अखेरपर्यंत घेतले नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना कधीच जमले नाही आणि पत्नीची पुन्हा भेटही झाली नाही.

१९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. अमिनोप्टेरिनच्या मागोमाग आलेले मेथोट्रेक्सेट आजही कर्करोग आणि संधिवातावर दिले जाते. विदर्भासह देशाच्या हत्तीरोगग्रस्त भागांत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन डीईसीच्या गोळ्या देतात. ज्यांना रुग्णालयात एकही रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळाला नाही, त्या डॉक्टरांच्या संशोधनाचा लाभ अशा प्रकारे आजही कोट्यवधी रुग्णांपर्यंत पोहोचत आहे.