सुरवंटांचे फाब्र गुरुजी

जाँ आंरी फाब्र हे फ्रान्स देशातले थोर कीटकशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये एका खेड्यात झाला. घरची फार गरिबी. तरी शिकून ते १८४२ साली मास्तर झाले. ते मुलांना जमीन मोजायला रानात नेत, तर पोरं मोजायचं सोडून माश्यांच्या मातीच्या घरट्यातला मध काडीने चोखायची. गुरुजी स्वतःच त्या माश्या बघत बसले! मग महिन्याभराचा पगार घालून त्यांनी किड्यांचं पुस्तक आणलं. घरचे काय म्हणाले असतील!

पुढे आव्हिन्यों शहरात ते फुकट वर्ग घेत. तिथे मुलीही येत. फुलापासून बी कसं होतं हे मुलींना शिकवलं म्हणून लोक चिडले. त्यांना राहतं घर सोडावं लागलं. मिल नावाच्या इंग्रज मित्राने उसने पैसे दिले, ते त्यांनी फेडले. हे ऐकून आम्हा मुलींना फार राग आला.

१८७९ साली त्यांनी सेरिन्यां गावी दगडधोंड्यांची पडीक जमीन घेतली. तिथे झुडपं, किडे आणि ते. पाइन झाडावरच्या सुरवंटांनी खाज किती येते, हे त्यांनी स्वतःच्या हातावर लावून पाहिलं.

हे सुरवंट रेशमाचा धागा सोडत एकामागे एक चालतात. ३० जानेवारी १८९६ ला ते मोठ्या कुंडीच्या काठावर चढले. गोल पुरा होताच गुरुजींनी खालून येणारे सुरवंट झाडून टाकले व खालचा धागा पुसला. आता पुढारी कोणीच नाही! काठ १ मीटर ३५ सेंटिमीटर. सात दिवस ते उपाशी, थंडीत फिरत राहिले. ३३५ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४५३ मीटर. बिचारे!

बाई म्हणाल्या, हल्ली कॉलेजची मुलं मिळून कॉम्प्युटरवर असे किडे तयार करतात. प्रत्येक किड्याला एकदोन नियमच द्यायचे अन् काय होतं ते बघायचं. मग आम्ही २२ जणंच सुरवंट झालो. मैदानात चुन्याचा गोल आखला. नियम एकच, पुढच्याच्या पाठीमागे चालायचं. फिरून फिरून चक्कर आली पण गोल काही मोडेना. मग बाईंनी आणखी दोन नियम दिले. दमला तर खाली बसायचं, आणि पुढे कोणी चालत नसेल तर मनाने जायचं. एक लहान मुलगा बसला. त्याच्या मागची मी, मी निघाले कडुनिंबाकडे, अन् माझ्यामागे सगळी वरात!

कुंडीवरही तसंच झालं होतं. गारठ्याने काही सुरवंट थांबले, रांग तुटली, नवे पुढारी झाले. ते वाट चुकून इकडेतिकडे गेले, आणि त्यातूनच खालची वाट सापडली. आठव्या दिवशी सगळे घरट्यात परतले.

फाब्रांनी किड्यांवर दहा भाग लिहिले. शेवटचा १९०७ साली आला, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी ते वारले. सेरिन्यांचं त्यांचं घर व बाग आता संग्रहालय आहे.