पृथ्वीची घनता मोजणारे हेन्री कॅव्हेंडिश

पृथ्वी तराजूत घालता येत नाही. तरीही तिचे वस्तुमान काढण्याचा मार्ग हेन्री कॅव्हेंडिश या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवला. १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे उमराव घराण्यात जन्मलेल्या कॅव्हेंडिश यांनी केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले. मात्र पदवी घेतली नाही. स्वभाव कमालीचा बुजरा. घरातील मोलकरणींनाही ते चिठ्ठी लिहून सूचना देत.

जॉन मिचेल यांनी बनवलेले उपकरण त्यांच्या निधनानंतर कॅव्हेंडिश यांच्या हाती आले. पासष्टी गाठल्यावर, १७९७-९८ मध्ये, क्लॅपहॅम येथील घराच्या आवारात त्यांनी प्रयोग केला. तारेने टांगलेल्या सहा फुटी दांड्याच्या टोकांना लहान गोळे होते. त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोचे शिशाचे दोन गोळे आणले की आकर्षणाने दांडा किंचित वळे. शरीराच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून कॅव्हेंडिश ते वळणे बाहेरून दुर्बिणीतून टिपत.

पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट निघाली. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलो. म्हणून पृथ्वीच्या प्रत्येक घनमीटरचे सरासरी ५४८० किलो. याला पृथ्वीच्या घनफळाने गुणले की सहावर चोवीस शून्ये, इतके किलो वस्तुमान मिळते. पृष्ठभागावरील खडकांची घनता याच्या निम्मीच असल्याने पृथ्वीचे अंतरंग फार जड असल्याचेही सिद्ध झाले.

मोजमापात इतक्या दक्ष असलेल्या कॅव्हेंडिश यांचा सरासरी काढताना मात्र हिशेब चुकला. फ्रान्सिस बेली यांनी पुढे ती चूक दाखवून दिली. योग्य उत्तर ५.४५ होते. आजचा आकडा ५.५१ आहे. कॅव्हेंडिश यांचे १८१० मध्ये निधन झाले.