काठापदराचा जाणता : बालगंधर्व

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मराठी मध्यमवर्गीय घरातील स्त्रीला नवे वस्त्र, नवा काठ किंवा नवा दागिना पाहायला मिळण्याची ठिकाणे फार थोडी होती. कापडाच्या पेढीवर ठाण घडी घालून फडताळात ठेवलेले असे. गिऱ्हाईक आल्यावर ते गादीवर उलगडले जाई. पुष्कळ घरांत ही खरेदीही पुरुषच करीत. काचेआड सजवून ठेवलेल्या वस्त्रांसमोर उभे राहून ती निरखणे, हा अनुभव महानगरांतील मोजक्या रस्त्यांपुरता होता. लग्नसमारंभ, हळदीकुंकू आणि देवळातील उत्सव एवढ्याच प्रसंगी कोणी काय नेसले आहे हे दिसे. अशा काळात मराठी स्त्रीला एक मोठे, झगझगीत, दिव्यांनी उजळलेले दालन मिळाले. ते दालन म्हणजे संगीत रंगभूमी, आणि त्यात उभा राहून काठापदराची नवी तऱ्हा दाखवणारा कलावंत होता एक पुरुष : नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणाचा गळा लहानपणापासूनच गोड होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हणून संबोधले. पुढे तेच नाव जन्मनावापेक्षा मोठे झाले. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकरांचे निधन झाल्यावर किर्लोस्कर नाटक मंडळीला स्त्रीभूमिका पेलणारा तसा गायक नट राहिला नव्हता. १९०५ मध्ये मिरजेस सतरा वर्षांचा नारायण शकुंतला म्हणून रंगमंचावर आला आणि ती पोकळी भरून निघाली.

शकुंतला कशी दिसावी, याची एक प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात तेव्हा आधीच तयार होती. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला होता आणि त्याच्या रंगीत चित्रांनी घराघरांच्या भिंती व्यापल्या होत्या. पुराणातील नायिका आणि देवी या चित्रांतून भरजरी लुगड्यात, ठसठशीत दागिन्यांत लोकांना भेटल्या होत्या. पौराणिक सौंदर्याला ओळखीचे वस्त्र मिळाले होते, पण ते वस्त्र चौकटीत स्थिर होते. बालगंधर्वांनी त्याला चाल दिली. पदर खांद्यावरून सरकतो कसा, सावरला जातो कसा, वळताना निऱ्यांचा घेर कसा दिसतो, हे चित्रात कधीच कळत नाही. रंगमंचावर ते क्षणोक्षणी दिसत होते.

या यशामागे केवळ देखणा चेहरा नव्हता. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला सर्वप्रथम स्त्रियांकडे पाहावे लागते. कोणते लुगडे कोणत्या वेळी नेसतात, घरात वावरताना पदर कुठे खोचतात, वडीलधारे समोर आले की तो कसा ओढतात, नथीचा आकडा अडू नये म्हणून मान किती कलती ठेवतात, या गोष्टी नाटकाच्या पोथीत लिहिलेल्या नसतात. त्या निरखूनच वेचाव्या लागतात. बालगंधर्वांनी आपल्या काळातील खानदानी घरांतील वेश आणि वावर असा वेचला, त्यातील बोजड भाग गाळला आणि नजाकत तेवढी ठेवली. स्त्रियांकडून घेतलेले त्यांनी अधिक रेखीव करून स्त्रियांनाच परत केले. म्हणून प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रीला ते परके वाटले नाही. आपलेच, पण आपल्यापेक्षा सुबक, असे वाटले.

परिणाम लगेच दिसू लागला. लुगडे नेसण्याची त्यांची ढब, अंबाड्यावर गजरा माळण्याची रीत, दागिन्यांची निवड, इतकेच काय चालण्याची लकबदेखील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया उचलू लागल्या. त्यांची स्त्रीवेशातील छायाचित्रे लोक हौसेने जपून ठेवीत. आज एखाद्या चित्रपटतारकेचा पेहराव दुसऱ्या आठवड्यात बाजारात येतो. तशी यंत्रणा नसतानाही एका नटाच्या वेशभूषेने मराठी मध्यमवर्गाच्या अभिरुचीला वळण लावावे, ही त्या काळातील विलक्षण घटना होती.

त्यातला विरोधाभासही नजरेआड करता येत नाही. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजाला मान्य नव्हते. मात्र स्त्रीने कसे दिसावे याचा धडा तिने रंगभूमीवरील पुरुषाकडून घ्यावा, याचे कोणालाही वैषम्य वाटत नव्हते.

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचा मृत्यू झाला. प्रयोग रद्द झाला नाही. घरातील शोक बाजूला ठेवून त्यांनी भामिनीची भूमिका केली आणि ती त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली. या नाटकाच्या कथेतही वेशाला मोठे स्थान आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि पुढे वनमाला हे नाव घेऊन साध्या मुलीच्या वेशात त्याच्या सहवासात येते. एकाच रात्रीत एकाच नटाला उंची वस्त्रांची ऐट आणि साधेपणाची शोभा दोन्ही पटवून द्यायची होती. वस्त्र बदलले की माणसाची पत बदलते, हे सत्य बालगंधर्वांनी प्रेक्षकांना गाण्याइतक्याच ताकदीने दाखवले.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आली आणि मंडळीचे वैभव शिगेला पोहोचले. खोटी जर, रंगवलेले पुठ्ठ्याचे दागिने यांवर काम भागवण्याची नाटकधंद्याची जुनी सवय बालगंधर्वांना मानवणारी नव्हती. शालू असेल तर तो अस्सल हवा, गालिचा असेल तर पायाखाली रुतणारा हवा, आणि पडदा वर जाण्याआधी प्रेक्षागृहात अत्तराचा सुगंध दरवळायला हवा. या हट्टात विलास होता, तशी जाणही होती. अस्सल जर दिव्याच्या उजेडात निराळी चमकते आणि जड रेशमाचा पदर निराळा पडतो. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला वेलबुट्टी दिसत नाही; त्याला दिसतो तो काठाचा रुंद पट्टा, रंगांचा विरोध आणि पदराची घसरण. दुरून काय उठून दिसते आणि जवळून काय खुलते, हे ज्याला कळते त्याला वस्त्र कळते.

तरीही त्यांची खरी परीक्षा भरजरी वस्त्रांत झाली नाही. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. गडकरी त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. मद्यपी पतीच्या पायी दारिद्र्याच्या तळाशी गेलेली सिंधू साकारताना शालू आणि दागिने यांचा आधार उरला नव्हता. जो प्रेक्षक त्यांची वस्त्रे पाहायला येत असे, तोच आता फाटक्या संसारातील सिंधूसाठी रडू लागला. नटाच्या अंगावर उंची रेशीम असो वा विटलेले लुगडे, पदर सावरण्यातली शालीनता तीच राहते, हे या भूमिकेने सिद्ध केले.

पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, ‘द्रौपदी’ आले. राजसभेचे वैभव रंगमंचावर उभे करण्यासाठी बालगंधर्वांनी खर्चाचा हिशेब ठेवला नाही. भागीदार एकेक करून दूर झाले होते. मंडळीवर लाखाच्या घरातील कर्जाचा डोंगर उभा राहिला. वैभवाची हौस कुठे थांबवावी, हे त्यांना कळले नाही. चाहते मदतीला तयार असताना त्यांनी फुकटचा पैसा नाकारला आणि गावोगाव प्रयोग करून पुढील काही वर्षांत ते कर्ज फेडले. हौसेची किंमत त्यांनी स्वतःच चुकती केली, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत लखलखीत पान मानावे लागेल.

याच सुमारास लोकांची वस्त्रदृष्टी पालटू लागली होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, असा तो अपूर्व योग होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ३१ जुलै रोजी, त्याच मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी पेटली. झगमगाटाऐवजी जाडेभरडे सूत हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरू लागले. शहरांतील शिकलेल्या मुली हळूहळू नऊवारी सोडून पाचवारीकडे वळत होत्या. घराबाहेर पडणाऱ्या, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या स्त्रीला जड शालूपेक्षा हलके पातळ सोयीचे होते.

निर्णायक धक्का मात्र रंगमंचावर आणि रुपेरी पडद्यावर स्त्रिया आल्याने बसला, आणि त्यात गोमंतकाचा वाटा लक्षणीय होता. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. मूळच्या गोव्याच्या लाड घराण्यातील ही सुशिक्षित तरुणी नायिका म्हणून पडद्यावर आली आणि घरंदाज स्त्रीसाठी बंद असलेले दार किलकिले झाले. दुसऱ्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. त्यात फोंडा तालुक्यातील बांदिवड्याची कन्या ज्योत्स्ना भोळे नायिका होती. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरीखुरी वाटणारी खोली होती. त्या खोलीत स्त्रीची भूमिका स्त्रीच करीत होती. स्त्रीने कसे दिसावे, हे आता स्त्री स्वतः दाखवू लागली.

बालगंधर्वांनी बोलपटाचा मार्गही चोखाळून पाहिला. १९३५ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पुढे १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी मीरेची भूमिका केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंच अंतर राखतो. त्या अंतरात रंगभूषा, दिवा आणि सूर मिळून एक माया निर्माण करतात. कॅमेरा ते अंतर पुसून टाकतो. ज्या कलावंताने दुरून काय शोभते याचे मर्म ओळखले होते, त्याला जवळून पाहणारे हे यंत्र मानवले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि उतारवयातही जुन्या भूमिका करीत राहिले. शरीर थकले होते, गळ्यातील लडिवाळपणा मात्र टिकून होता. श्रोते डोळे मिटून ऐकत, असेच त्या काळाचे वर्णन करावे लागेल.

काठापदरातील बारीक फरक टिपणाऱ्या दृष्टीला काळाचा बदलता पोत दिसला नाही, हे बालगंधर्वांच्या आयुष्यातील दुःख आहे. नवी तऱ्हा ओळखणे आणि आपली तऱ्हा जुनी झाली हे ओळखणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली त्यांना उपजत अवगत होती. दुसरी फार थोड्यांना साधते, कारण तिच्यासाठी स्वतःवरचे प्रेम बाजूला ठेवावे लागते. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण, असे सन्मान त्यांच्याकडे उशिरा चालत आले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली होती. ते खुले झाले त्यांच्या मृत्यूनंतर, १९६८ मध्ये.

पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या दशावतारात पुरुष आजही लुगडे नेसून, नथ घालून रंगमंचावर येतात आणि प्रेक्षक त्यांच्या पदराकडे बारकाईने पाहतात. चतुर्थीला आणि लग्नसराईत नऊवारी, नथ आणि गजरा पुन्हा हौसेने मिरवले जातात. दुकानांच्या काचेआड उभ्या असलेल्या निर्जीव पुतळ्यांनाही तोच साज चढवलेला दिसतो. वस्त्र तेच असते, काठही तसाच असतो. त्या पुतळ्यांपाशी नसतो तो पदर सावरणारा हात.