जोडे शिवणाऱ्याचा पुत्र : जॉर्ज बूल

इंग्लंडमधील लिंकन येथे २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूल यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवत. घरच्या गरिबीमुळे त्यांना विद्यापीठाची पायरी चढता आली नाही. सोळाव्या वर्षी ते शिक्षक झाले, एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि पुढे निवासी शाळाही चालविली. अध्यापन सांभाळून ते स्वतःच उच्च गणित शिकले.

२ + ३क्ष या राशीत क्ष = ४ घेतल्यास आधी गुणाकार करून उत्तर १४ येते; आधी बेरीज केली, तर २०. क्रम चुकला की उत्तर चुकते, हे आपली मुले 'कंचेभागुबेव' म्हणत शिकतात. क्रम बदलताच फल बदलते अशा क्रियांचा उच्च गणितात पद्धतशीर विचार करणाऱ्या बूल यांच्या निबंधास १८४४ साली रॉयल सोसायटीचे पदक लाभले. १८४९ मध्ये, पदवी नसतानाही, ते आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झाले. चलाची किंमत केवळ ० किंवा १ मानून त्यांनी तर्कशास्त्राचे बीजगणित उभारले. आजचे संगणक त्याच पायावर चालतात.

८ डिसेंबर १८६४ रोजी ते निवर्तले. माणसाची किंमत जन्मावरून काढणे, हेही चुकीच्या क्रमाने सोडविलेले गणितच होय.